म्हाडाला करमाफी असेल, तर सोडतीच्या घरावर कर कसला?

कल्याणच्या बाजूला प्रधानमंत्री आवास योजनेतले घर सोडतीत लागलेल्या एका गृहस्थांनी विचारले आहे: म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) सरकारी, तिला कर माफ, मग आम्हाला जीएसटी कशाला, मुद्रांक शुल्क कशाला? ताबा मिळाल्यावर घरपट्टीही आम्हीच भरायची का? प्राधिकरणाला मिळालेली सूट घराच्या किमतीत का उतरत नाही? जोडीला त्यांच्या मेहुण्यांचा प्रश्न आहे. त्यांना म्हाडाच्याच मुंबई मंडळाचे पन्नास लाखांच्या वरचे घर लागले आहे आणि ‘सरकारला पैसे देताना टीडीएस (देणाऱ्यानेच कापून भरायचा आयकर) कापायचा नसतो’ असे त्यांना कोणीतरी ठामपणे सांगितले आहे.

मी सनदी लेखापाल आहे. माझ्या कामाचा बराच भाग गृहनिर्माण आणि विकास प्राधिकरणांच्या आयकर प्रकरणांत गेला. सोडतीत घर लागलेली माणसेही देकारपत्र (प्राधिकरणाचे ऑफर लेटर) घेऊन येत असतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना समज एकच आढळतो: ‘सरकारी’ म्हटले की कर सुटला. प्रत्यक्षात कर ज्याच्यावर बसतो, माफीही त्यालाच मिळते. आयकर प्राधिकरणाच्या उत्पन्नावर बसतो, म्हणून तिथली सूट प्राधिकरणाची. मुद्रांक शुल्क द्यायचे असते खरेदीदाराने. जीएसटी व्यवहारावर बसतो आणि घरपट्टी इमारतीवर. चार कायदे, चार वेगवेगळी खाती. एकाकडची माफी दुसऱ्याच्या खिडकीवर दाखवून उपयोग नाही.

आयकरापासून सुरुवात करतो, कारण ‘म्हाडाला कर माफ’ हे वाक्य तिथूनच आले आहे आणि ते कधी खरे होते, कधी अर्धे खरे होते.

संविधानाच्या अनुच्छेद २८९ प्रमाणे राज्याच्या मालमत्तेवर आणि उत्पन्नावर केंद्राला कर लावता येत नाही. हे वाचून अनेकांना वाटते, झाले, विषय संपला. पण कायद्याने स्थापन केलेले महामंडळ किंवा प्राधिकरण म्हणजे राज्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच आंध्र प्रदेशच्या मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले. २००६ मध्ये जमशेदपूरजवळच्या आदित्यपूर औद्योगिक क्षेत्र विकास प्राधिकरणाने पुन्हा तोच युक्तिवाद केला आणि पुन्हा तेच उत्तर मिळाले. प्राधिकरणाला स्वतःचे नाव आहे, स्वतःचा निधी आहे, ते मालमत्ता घेऊ-विकू शकते, त्याच्यावर दावा लावता येतो. मग त्याचे उत्पन्न राज्याचे कसे? म्हाडाही अशीच. १९७६ च्या कायद्याखाली ती ५ डिसेंबर १९७७ रोजी अस्तित्वात आली आणि १९४८ पासूनचे जुने मुंबई गृहनिर्माण मंडळ, विदर्भाचे मंडळ, दुरुस्ती मंडळ, झोपडपट्टी सुधार मंडळ तिच्यात आले. राज्य सरकारचे नियंत्रण पूर्ण आहे, पण कायद्याच्या नजरेत व्यक्ती वेगळी.

म्हणजे माफी हवी असेल तर ती आयकर कायद्यातच शोधावी लागते, आणि तिथे ती होतीही. कलम १०(२०ए). घरांची गरज भागवण्यासाठी किंवा शहरे, नगरे, गावे यांच्या नियोजनासाठी, विकासासाठी कायद्याने स्थापन झालेल्या प्राधिकरणाचे सर्व उत्पन्न करमुक्त. १९७० च्या वित्त अधिनियमाने हे कलम आले आणि लागू झाले १९६२ पासून, म्हणजे आयकर कायद्याच्या जन्मापासून. अट एकच, की प्राधिकरण कायद्याने जन्मलेले हवे. नफा किती, घर कितीला विकले, बँकेत ठेवी किती, कोणी विचारत नसे. गुजरातच्या औद्योगिक विकास महामंडळालाही १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाची सावली दिली. त्या काळात काम केलेले लेखा विभागातले जुने लोक आजही ‘आपल्याला कर नाही’ असे म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात हेच कलम असते.

यशवंत सिन्हांच्या २००२ च्या अर्थसंकल्पाने ते काढून टाकले. १ एप्रिल २००३ पासून, म्हणजे कर-निर्धारण वर्ष २००३-०४ पासून (२००२-०३ च्या उत्पन्नापासून), देशातली सगळी गृहनिर्माण मंडळे आणि विकास प्राधिकरणे एका रात्रीत करपात्र झाली. त्याच वेळी कलम १०(२०) मधल्या ‘स्थानिक प्राधिकरण’ या शब्दाची व्याख्याही आवळली: पंचायत, नगरपालिका, जिल्हा मंडळ, कटक मंडळ, एवढेच. ‘आम्हीही स्थानिक प्राधिकरणच’ हा उत्तर प्रदेशातल्या नोएडा प्राधिकरणाचा दावा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच व्याख्येवर फेटाळला.

मग उरला तिसरा मार्ग, धर्मादाय संस्थेचा. कलम १२ए खाली नोंदणी घ्यायची आणि सांगायचे, की ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ उद्देशासाठी आम्ही काम करतो. देवस्थान, शाळा, रुग्णालय ज्या रांगेत, त्याच रांगेत गृहनिर्माण मंडळ. उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च करा, नाही तर साठवणुकीचा अर्ज मुदतीत भरा, लेखापरीक्षण अहवाल वेळेत द्या. प्रकल्पांना पाच-सात वर्षे लागणाऱ्या संस्थेसाठी हा ८५ टक्क्यांचा हिशेब किती त्रासाचा असतो हे बाहेरून कळत नाही. सोडतीचे पैसे या वर्षी येतात, ठेकेदाराची बिले पुढच्या तीन वर्षांत, आणि मध्ये जमीन कोर्टात अडकलेली.

हा मार्गही २००८ मध्ये अरुंद झाला. कलम २(१५) ला परंतुक, म्हणजे अपवादाची अट, जोडले गेले: लोकोपयोगी उद्देशाची संस्था शुल्क घेऊन व्यापार-धंद्याच्या स्वरूपाचे काम करत असेल तर ती धर्मादाय नाही. मर्यादा आधी दहा लाख, मग पंचवीस लाख, आणि २०१६ पासून एकूण जमेच्या वीस टक्के. घरे आणि भूखंड विकणाऱ्या संस्थेची जवळपास सगळीच जमा विक्रीची, त्यामुळे वीस टक्क्यांची रेघ पहिल्याच फेरीत ओलांडली जाते. देशभर नोंदण्या रद्द झाल्या, कराच्या मागण्या निघाल्या. लखनऊ विकास प्राधिकरणाच्या बाजूने २०१३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय उभे राहिले, अहमदाबादच्या बाजूने गुजरात उच्च न्यायालय. जम्मूचे प्राधिकरण मात्र हरले. एकाच कामाला एका राज्यात माफी आणि दुसऱ्या राज्यात कर, अशी दहा-बारा वर्षे गेली.

त्याचा निकाल १९ ऑक्टोबर २०२२ रोजी लागला. अहमदाबाद नगर विकास प्राधिकरणाचे प्रकरण, सरन्यायाधीश उदय लळित, न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती नरसिंह यांचे खंडपीठ. निकालपत्र भट यांनी लिहिले. न्यायालयाने कसोटी घालून दिली: प्राधिकरण लागत खर्चाएवढी किंवा त्याहून नाममात्र जास्त रक्कम घेत असेल तर तो व्यापार नाही. किंमत खर्चापेक्षा लक्षणीय जास्त असेल तर मात्र वीस टक्क्यांची मर्यादा लागू. आणि हे दर वर्षी तपासायचे.

या निकालावर मी जरा रेंगाळतो, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा इथे आहे. करमाफी आणि घराची किंमत यांची कायद्यात गाठ पडली ती फक्त याच एका ठिकाणी. त्याआधीच्या १०(२०ए) ला किमतीशी देणेघेणे नव्हते. धर्मादाय मार्गात पैसे कुठे खर्च केले ते बघत, कितीला विकले ते नाही. २०२२ मध्ये पहिल्यांदा न्यायालय म्हणाले: तुम्हाला सूट हवी ना, मग दाखवा, लोकांकडून किती घेता आणि तुम्हाला पडते किती.

ऐकायला न्याय्य. पण ज्याने म्हाडासारख्या संस्थेचा ताळेबंद उघडून पाहिला आहे त्याला विचारा, ‘लागत’ म्हणजे काय ते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरासारख्या वसाहतींखालची जमीन गृहनिर्माण मंडळाच्या काळातली. तिची पुस्तकी किंमत आजच्या बाजारापुढे जवळपास शून्य. तिथे नवी इमारत बांधून मध्यम उत्पन्न गटाला बाजारापेक्षा बऱ्याच कमी दराने घर विकले, तरी पुस्तकी खर्चाच्या तुलनेत नफा अवाढव्य दिसतो. जमीन आजच्या रेडीरेकनरने (सरकारी दरपत्रकाने) धरली तर तोच व्यवहार तोट्यात. त्यातून उच्च उत्पन्न गटाची घरे आणि दुकानांचे गाळे मुद्दाम चढ्या भावाने विकायचे आणि त्यातून अत्यल्प उत्पन्न गटाचे घर स्वस्त करायचे, ही सार्वजनिक गृहनिर्माणाची जुनी रीत. गाळ्यांचा तर लिलावच होतो. तिथे ‘नाममात्र जास्त’ कसे दाखवणार? एक एक विक्री सुटी करून पाहिली तर निम्मे प्रकल्प व्यापारी ठरतात आणि संस्था एकत्र पाहिली तर एकही नाही. निकालाने ही बेरीज कोणत्या पातळीवर करायची ते सांगितले नाही. कर अधिकाऱ्याने एका पातळीवर केली, आम्ही दुसऱ्या.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. या संस्थांच्या उत्पन्नात बँकेतल्या ठेवींच्या व्याजाचा वाटा मोठा असतो. सोडतीच्या अर्जदारांची अनामत रक्कम, विजेत्यांचे हप्ते, भविष्यातल्या प्रकल्पांसाठी बाजूला ठेवलेला निधी, हे सगळे ठेवींत. सूट वादात असली की बँक व्याजावर टीडीएस कापते, प्राधिकरण परतावा मागते, परतावा जुन्या मागणीत वळता होतो. काही वर्षे हे चालले की सरकारच्या एका खात्याचे पैसे सरकारच्या दुसऱ्या खात्यात अडकून पडतात आणि दोघेही आपापल्या वकिलांना फी देत राहतात.

केंद्रालाही बहुधा याचा कंटाळा आला. २०२३ च्या वित्त अधिनियमाने कलम १०(४६ए) आणले, कर-निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून. त्यातले शब्द वाचले की ओळखीचा चेहरा दिसतो: घरांची गरज भागवणे, शहरे-नगरे-गावांचे नियोजन, विकास किंवा सुधारणा. २००२ मध्ये काढून टाकलेलेच शब्द वीस वर्षांनी परत. दोन फरक मात्र आहेत. संस्था केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली हवी, आणि ती कंपनी नसावी. त्याआधीचे, २०११ चे कलम १०(४६) होते, पण त्यात अधिसूचनेसोबत ‘कोणताही व्यापारी उपक्रम करू नये’ ही अट होती आणि माफी ठरावीक उत्पन्नापुरती. १०(४६ए) मध्ये व्यापाराची अट नाही आणि माफी सर्व उत्पन्नाला. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या आयकर कायदा, २०२५ मध्ये अशा सवलती जुन्या कलम १० ऐवजी अनुसूच्यांमध्ये आहेत, त्यामुळे नव्या कागदांत जुने क्रमांक शोधू नका.

म्हणून ‘म्हाडाला किंवा अमुक प्राधिकरणाला कर माफ आहे का’ याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. कोणते वर्ष? त्या वर्षी संस्था अधिसूचित होती का, धर्मादाय नोंदणीवर होती का, की दोन्ही नव्हते? कायदा तोच, उत्तर वर्षागणिक बदलते.

‘कंपनी नसावी’ या दोन शब्दांच्या अटीचा सगळ्यात ठळक परिणाम आपल्याकडे सिडकोवर दिसतो. सिडको १७ मार्च १९७० रोजी कंपनी कायद्याखाली नोंदली गेली. सगळे भागभांडवल राज्य सरकारचे, आणि नवी मुंबईची नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमणूक प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली. काम प्राधिकरणाचे, शरीर कंपनीचे. त्यामुळे हे दार तिच्यासाठी बंद. पनवेलला सिडकोचे घर आणि ठाण्याला म्हाडाचे घर घेणाऱ्या दोघांना हा फरक कधी जाणवणार नाही. विक्रेत्यांच्या आयकरात तो प्रचंड आहे.

आता माझे मत. १०(४६ए) मुळे प्राधिकरणांची सुटका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ‘लागत किती’ या वादात कोणाचेही भले होत नव्हते. पण त्याच फटक्यात किमतीला विचारणारी एकमेव कसोटी गेली. अधिसूचित संस्थेने लागतीच्या दुप्पट दराने घर विकले तरी आयकर कायदा आता काही म्हणत नाही. माफीतून वाचलेला रुपया घराची किंमत कमी करण्यात जावा, की पुढच्या प्रकल्पात, की ठेवीत, यावर कायद्यात एक ओळ नाही. अधिसूचनेतच किमतीच्या सूत्राची अट घालता आली असती. तुम्हाला सूट किमतीत दिसत नाही, कारण ती किमतीत दिसावी असे कोणी कुठे लिहिलेलेच नाही. किंमत ठरवण्याचे धोरण राज्याचे, माफी केंद्राची, आणि दोघांमध्ये पूल नाही. सोडतीचे घर बाजारापेक्षा स्वस्त असते ते मुख्यतः जमिनीमुळे आणि योजनेच्या अनुदानामुळे. आयकराचा त्यात वाटा असलाच तर अप्रत्यक्ष.

बाकीचे कर तुलनेने सोपे आहेत.

जीएसटीत प्राधिकरणाला माफी आहे, पण ती नगरपालिकेच्या स्वरूपाच्या कामांना: अनुच्छेद २४३-डब्ल्यू मध्ये नगरपालिकांकडे सोपवलेली कामे शासकीय प्राधिकरणाने केली तर त्या सेवेवर कर नाही. मुंबईतल्या आपल्या वसाहतींपुरती म्हाडा २०१८ पासून नियोजन प्राधिकरणही आहे, त्यामुळे परवानगी देण्याचे काम या माफीत बसू शकते. घर बांधून विकणे हे मात्र कोणत्याही विकासकासारखेच. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सगळी रक्कम घेतली असेल तर जीएसटी शून्य, मग विक्रेता म्हाडा असो की खासगी बिल्डर. बांधकाम चालू असताना पैसे घेतले तर १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरावर १ टक्का, इतर घरावर ५ टक्के. परवडणारे म्हणजे एकूण किंमत पंचेचाळीस लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत, पुणे-नाशिक-नागपुरात ९० चौरस मीटरपर्यंत. पंचेचाळीस लाखांत पार्किंगचे, विकास शुल्काचे पैसे धरतात. सीमारेषेवरची घरे तिथेच घसरतात. तुमचे घर योजनेतले असल्याने बांधकाम चालू असेल तर १ टक्का बरोबर आहे. देकारपत्राची तारीख आणि भोगवटा प्रमाणपत्राची तारीख शेजारी ठेवून बघा.

हा एक टक्का फसवा आहे, कारण या दरात विक्रेत्याला सिमेंट-पोलादावर आणि ठेकेदाराला दिलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. तो खर्चात मुरतो. शासकीय प्राधिकरणांसाठी केलेल्या ठेक्यांवरच्या जुन्या सवलतीच्या दरातून १ जानेवारी २०२२ पासून ही प्राधिकरणे वगळली गेली, तेव्हा अनेक प्रकल्पांचे अंदाजपत्रक बिघडले. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चालू प्रकल्पांना त्याचा हातभार लागला असणार. म्हणजे पावतीवर १ टक्का दिसला तरी भिंतीत किती टक्के गेले ते पावती सांगत नाही. जमिनीच्या बाबतीतही असेच. सिडको साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड देते आणि एकरकमी अधिमूल्य घेते. त्यावर जीएसटी लागत नाही असे सांगत नवी मुंबईतल्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कर वैध ठरवला. देणारी संस्था सरकारी असणे पुरेसे नाही, हाच त्याचा अर्थ.

मुद्रांक शुल्कात मात्र तुम्हाला खरोखर फायदा आहे, आणि नेमका तोच लोकांना माहीत नसतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात सरकारला सूट आहे, पण जिथे शुल्क सरकारने भरायचे असते तिथेच. खरेदीखतावर शुल्क भरायचे असते खरेदीदाराने, म्हणून ती सूट तुमच्या कामाची नाही. कामाच्या गोष्टी दोन. पहिली: प्रधानमंत्री आवास योजनेत अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटाच्या लाभार्थ्याच्या पहिल्या दस्ताला शुल्क फक्त एक हजार रुपये. तुमचे उत्तर तेवढेच. दुसरी मेहुण्यांसाठी: बाजारमूल्य ठरवण्याच्या १९९५ च्या नियमांत तरतूद आहे, की शासकीय किंवा निमशासकीय संस्थेने आधीच ठरवलेल्या किमतीला घर दिले असेल तर तीच किंमत खरे बाजारमूल्य मानायची. म्हणजे शुल्क सोडतीच्या किमतीवर, रेडीरेकनरवर नाही. मुंबईत हा फरक काही लाखांचा पडू शकतो. दुय्यम निबंधकांकडे जाताना प्राधिकरणाचे वितरणपत्र सोबत ठेवा, किंमत कोणी ठरवली ते त्यावरून दिसते.

याच नियमाचा आयकरात एक छुपा उपयोग आहे. घर मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठी धरलेल्या मूल्यापेक्षा) दहा टक्क्यांहून स्वस्तात घेतले तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरण्याची तरतूद आहे. बाजारात ऐंशी लाखांना जाणारे घर पन्नासला मिळाले म्हणून घाबरलेले लोक माझ्याकडे आलेले आहेत. मुद्रांक मूल्यच सोडतीची किंमत असेल, तर फरकच उरत नाही.

घरपट्टी. महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १३२ मध्ये पूजास्थाने आणि धर्मादाय वापराच्या इमारती यांना सर्वसाधारण करातून माफी आहे, शिवाय सरकारकडे निहित असलेल्या आणि नफ्याविना केवळ सार्वजनिक कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींना. तुम्ही राहता ते घर यातल्या कशातच बसत नाही. खालची जमीन म्हाडाची असली तरीही. मुंबई महापालिकेच्या हद्दीत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे आणि म्हाडाची बरीच लहान घरे त्यात बसतात. पण ती माफी क्षेत्रफळाची आहे, खासगी इमारतीतल्या तेवढ्याच घरालाही मिळते. कल्याणच्या बाजूला ती लागू नाही.

इथे एक गंमत सांगण्याचा मोह होतो. मुंबईत म्हाडा कर भरते की नाही यावर आपण बोलतो, पण तिचे दुरुस्ती मंडळ स्वतः कराच्या पैशावर उभे आहे. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसतो, महापालिका तो मालमत्ता करासोबत गोळा करते. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. ‘उपकरप्राप्त’ हा शब्द गिरगाव-लालबागमध्ये पोरासोरांना पाठ असतो, तो इथून आला.

मेहुण्यांचा टीडीएस. स्थावर मालमत्तेची किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का कापून भरायचा असतो. ‘सरकारला देताना कापायचा नाही’ हे अर्धे खरे आहे: ज्यांना पैसे देताना टीडीएस कापायचा नाही अशांच्या, जुन्या कायद्याच्या कलम १९६ मधल्या यादीत सरकार, रिझर्व्ह बँक आणि केंद्रीय कायद्याने स्थापन झालेली करमुक्त महामंडळे होती. म्हाडा राज्याच्या कायद्याने जन्मलेली, म्हणून ती त्या यादीत आपोआप बसत नाही. देकारपत्रात टीडीएसची सूचना असेल तर मुकाट्याने कापा. ही रक्कम किमतीतूनच वजा होते, खिशातून जास्तीचे काही जात नाही; प्राधिकरण करमुक्त असेल तर ते परतावा मागेल. उलट न कापता पूर्ण रक्कम भरलीत तर नंतर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या नावावर निघते. घर पती-पत्नी दोघांच्या नावे असेल तर दोघांची विवरणे स्वतंत्र भरायची, हे विसरले जाते. प्राधिकरणाने टीडीएस कापू नये असे सांगितले तर त्याचा आधार असलेले पत्र लेखी मागून घ्या आणि जपून ठेवा.

शेवटी, प्राधिकरणाकडून घर घेतल्यामुळे तुमच्या स्वतःच्या आयकरात मिळणारे दोन लाभ. जुने घर विकून आलेल्या भांडवली नफ्यातून सोडतीचे घर घेत असाल, तर ‘खरेदी दोन वर्षांत’ की ‘बांधकाम तीन वर्षांत’ हा प्रश्न येतो. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या हप्त्यांच्या योजनेतले वाटप बांधकाम मानावे असे १९८६ च्या परिपत्रक ४७१ ने सांगितले, आणि १९९३ च्या परिपत्रक ६७२ ने ते तशाच अटींच्या इतर संस्थांनाही लागू केले. म्हणजे तीन वर्षांची मुदत मागता येते.

दुसरा, जुन्या कायद्यातल्या कलम ८०सी चा. गृहनिर्माण मंडळाला किंवा विकास प्राधिकरणाला थेट भरलेले घराचे हप्ते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी दीड लाखाच्या मर्यादेत वजा होतात. त्यासाठी बँकेचे कर्जच हवे असे नाही. मात्र जुनी करप्रणाली निवडलेली हवी, नव्या प्रणालीत हे मिळत नाही. आणि तारीख सांभाळा. म्हाडाचे घर पाच वर्षे विकता येत नाही हे सगळ्यांना माहीत असते. ८०सी चीही पाच वर्षांची अट आहे, पण ती ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळाला त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. जून २०२६ मध्ये ताबा घेतला तर म्हाडाची मुदत जून २०३१ ला संपेल, आयकराची ३१ मार्च २०३२ ला. मधल्या नऊ महिन्यांत घर विकले, तर आधी घेतलेल्या सगळ्या वजावटी विक्रीच्या वर्षाचे उत्पन्न म्हणून परत धरल्या जातात.